अदलाबदलीचे सात अर्ज

पुण्याहून पहिला फोन आला तेव्हा मी डबा उघडत होते. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आमचा पुण्याचा स्टेशन मॅनेजर सांगत होता, की नागपूरला परतणाऱ्या विमानाच्या एका टायरला काप गेलाय, इंजिनीअरनं विमान थांबवलंय, दुसरा टायर मागवलाय, आणि किती वेळ लागेल ते आत्ताच सांगता येत नाही. तासभर लागेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, दोनही लागतील, तीनही लागतील. मी फोन ठेवला आणि डब्याचं झाकण परत लावलं.

विमानाला दोन-तीन तास उशीर होणं ही आमच्याकडे जेवण सोडून उठण्यासारखी गोष्ट नव्हती. पण त्या विमानाचे कॅप्टन मुकुंद राजूरकर होते. मी भिंतीवरच्या तक्त्यात फेब्रुवारीतल्या त्या दिवसाचा सूर्यास्त बघितला. नागपूर, सहा वाजून सतरा मिनिटं. विमान पुण्याहून साडेचारपर्यंत निघालं तर ठीक. त्यानंतर निघालं तर ते अंधारात उतरणार होतं.

आमच्या कंपनीचं नाव चंडोल एअरलाइन्स. आता ती नाही. नागपूरच्या विमानतळाबाहेर एका दुमजली इमारतीत तिचं सगळं बस्तान होतं. चंद्रपूरच्या कोळशाच्या वाहतुकीत आयुष्य काढलेल्या उमाकांत बैतुले नावाच्या माणसानं ती काढली होती. त्यांच्याकडे तीनशे ट्रक होते आणि विमानही ट्रकसारखंच चालवायचं असतं असं त्यांचं ठाम मत होतं. गाडी उभी राहिली की तोट्यात, चालली की फायद्यात. पंख्यांची चार विमानं, प्रत्येकात सत्तर माणसं. नागपूरहून पुणे, हैदराबाद, रायपूर, इंदूर, जबलपूर, नांदेड. मोठ्या कंपन्या ज्या मार्गांकडे ढुंकून बघत नव्हत्या तिथे आमची विमानं जायची आणि बऱ्यापैकी भरूनही जायची. चार विमानांना कॅप्टन अकरा. कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी लग्न निघालं, की सगळी वीण उसवायची. ती वीण सांभाळण्याचं काम माझं. कोणत्या तारखेला कोणता वैमानिक कोणतं विमान नेणार याचा महिन्याचा तक्ता, ज्याला आम्ही रोस्टर म्हणायचो, तो मी करत असे. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला तो सगळ्यांना जायचा. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. भंडाऱ्याहून गणिताची पदवी घेऊन आले होते आणि विमानात एकदाच बसले होते, तेही कंपनीनं फुकट बसवलं म्हणून.

राजूरकर सर आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. वय चौसष्ट. आपल्याकडे वैमानिकाला पासष्ट वर्षं पूर्ण होईपर्यंतच प्रवासी विमान चालवता येतं. त्यांचा वाढदिवस जुलैत होता, म्हणजे त्यांच्याकडे शेवटचे काही महिने राहिले होते. बावीस हजार तासांहून जास्त उड्डाण झालं होतं त्यांचं. बाकीचे कॅप्टन रोस्टरच्या खोलीत यायचे ते भांडायला. मला रविवार का, मला परत जबलपूर का. राजूरकर सर यायचे आणि दारातूनच विचारायचे, "जेवलीस का?"

मला नोकरी लागून तीन महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. मी एका तरुण वैमानिकाला रात्री उशिरा उतरवून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानावर टाकलं होतं. नियमानुसार जेवढी विश्रांती मिळायला हवी त्यात दीड तास कमी पडत होता. ही चूक वर गेली असती तर माझी नोकरी नक्कीच गेली असती. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला कँटीनमध्ये बोलावलं, तक्ता पुढ्यात ठेवला आणि त्या ओळीवर बोट टेकवलं. लांजेवारांकडे मी जाणार नाही, पण हे आत्ता, माझ्यासमोर दुरुस्त कर, असं म्हणाले. हरीश लांजेवार म्हणजे आमचे ऑपरेशन्सचे प्रमुख. मी वर जाऊन तक्ता बदलला, त्या मुलाला फोन केला आणि परत खाली आले. तोपर्यंत सर चहा घेत तिथेच बसले होते. नंतर त्यांनी त्या गोष्टीचा उच्चार कधीही केला नाही.

म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा अदलाबदलीचा पहिला अर्ज आला तेव्हा मी तो बघितलासुद्धा नाही, नुसती सही केली. आमच्याकडे दोन वैमानिकांचं आपसात पटत असेल तर ते एकमेकांची विमानं बदलून घेऊ शकत. एक छापील कागद भरायचा, खाली कारण लिहायचं. सरांनी हैदराबादहून संध्याकाळी येणारं विमान देऊन सकाळचं रायपूर घेतलं होतं. कारण, पत्नीची तपासणी. आठवड्याभरात दुसरा अर्ज आला. इंदूरचं संध्याकाळचं विमान दिलं, दुपारचं नांदेड घेतलं. कारण, घरी पाहुणे. मग तिसरा, मग चौथा. नातवाच्या शाळेचा कार्यक्रम, गॅसचा माणूस येणार, मावसभावाची साठी. नोव्हेंबरच्या वीस तारखेपर्यंत सात अर्ज झाले.

डिसेंबरचं रोस्टर करायला बसले तेव्हा ते सात कागद मी एकाखाली एक ठेवले. कारणं सगळी वेगवेगळी होती, गावं वेगवेगळी होती, समोरचा कॅप्टन प्रत्येक वेळी वेगळा होता. एकच गोष्ट सारखी होती. सरांनी दिलेलं प्रत्येक विमान सूर्य मावळल्यावर उतरणारं होतं आणि घेतलेलं प्रत्येक विमान उजेडात उतरणारं.

मला कुणी सांगावं लागलं नाही. अंधारात दिसेनासं झाल्यावर माझ्या आजोबांनी असंच केलं होतं. दिवेलागणीनंतर सायकल बाहेर काढणं बंद केलं आणि रोज नवं कारण सांगायचे. आम्ही सगळे त्यांना हसायचो.

मी ते सात कागद फाइलमध्ये लावले. आणि डिसेंबरच्या तक्त्यात राजूरकर या नावापुढे एकही संध्याकाळ लावली नाही. जानेवारीतही नाही. फेब्रुवारीतही नाही. वाटेल तसं करून मी ते जुळवत होते. एका कॅप्टनला लागोपाठ चार संध्याकाळी आल्या म्हणून तो माझ्यावर चिडला, त्याला मी मार्चमध्ये सुट्ट्या देते म्हणाले. सरांचे अर्ज यायचे थांबले. त्यांची वैद्यकीय तपासणी एप्रिलमध्ये होती, साठीनंतर ती दर सहा महिन्यांनी असते. मी मनाशी हिशेब केला होता, की एप्रिलमध्ये डॉक्टरांना काय दिसायचं ते दिसेलच, आणि नाही दिसलं तर जुलै काही लांब नाही. एक चांगला माणूस सन्मानानं निवृत्त होईल. कुणाचं काय बिघडतंय?

दिवसा विमान निघालं तर दिवसाच उतरेल हे मी धरून चालले होते. रोज विमानांचे उशीर मोजणारी मी.

चार वाजून वीस मिनिटांनी पुण्याहून दुसरा फोन आला. टायर बसला. विमान पाच वाजता निघेल. मी विचारलं, उतरायला किती? सहा चाळीस.

पुण्यात आमचा दुसरा कॅप्टन नव्हता. राजूरकरांना उतरवलं तर विमान रात्रभर तिथेच राहणार होतं, आणि सकाळचं रायपूर आणि त्यामागचं हैदराबाद, दोन्ही रद्द. पुण्याच्या मॅनेजरनं जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. अठ्ठावन्न प्रवाशांमध्ये एक बाई होती, तिचे वडील त्याच सकाळी वर्ध्याला वारले होते. नातेवाइकांनी तिच्यासाठी रात्री नऊपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. ती काउंटरवर दर दहा मिनिटांनी येऊन विचारत होती. आता तिला सांगतो, विमान निघतंय, तो म्हणाला. मी म्हणाले, पाच मिनिटं थांबा, सांगू नका.

मी बाहेरच्या जिन्यात गेले आणि सरांच्या मोबाइलवर फोन लावला.

"सर, प्रणिता ठवकर."

"हं, बोल. झाला टायर. निघतोय आम्ही."

"सर, नागपूरला आज सूर्यास्त सहा सतराला आहे."

पलीकडे विमानतळाचा आवाज होता, कसली तरी गाडी मागे येत असल्याची टीटी वाजत होती. ती वाजून थांबली.

"मग?" सर म्हणाले.

"तुम्ही सहा चाळीसला उतराल."

"प्रणिता, तुझ्या वयाहून जास्त वर्षं मी रात्रीची विमानं उतरवली आहेत."

"हो सर. पण सव्वीस ऑक्टोबरनंतर एकही नाही."

ते कुणाला तरी ‘आलोच’ म्हणाले.

"तुमचे सात अर्ज माझ्याकडे आहेत," मी म्हणाले. "सगळे मी वाचलेत."

"त्याला आता किती दिवस झाले. त्यानंतर मी एक तरी अर्ज दिला का?"

"नाही दिला. कारण संध्याकाळ तुम्हाला मी लावलीच नाही."

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. खाली बैतुलेसाहेबांचा ड्रायव्हर गाडी पुसत होता.

"शार्दूल उतरवेल विमान," शेवटी ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. शार्दूल देवगडे हा त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसणारा सहवैमानिक, अठ्ठावीस वर्षांचा, हुशार मुलगा. "त्याला मी आधीच म्हणणार होतो, आजचं लँडिंग तू कर म्हणून. तो छान उतरवतो."

"मला माहीत आहे, सर. पण मग कॅप्टन कोण?"

"ठेव फोन," ते म्हणाले आणि त्यांनीच ठेवला.

ते रागावले होते की आणखी काही, मला कळलं नाही. मला एवढंच कळलं, की ते निघाले तर थांबवणं माझ्या हातात नाही. मी आत गेले ती सरळ लांजेवार सरांच्या केबिनमध्ये. ते दोन फोनवर एकाच वेळी बोलत होते. मी म्हणाले, पुण्याचं विमान थांबवा. त्यांनी दोन्ही फोन खाली ठेवले. मी सगळं सांगितलं, अर्जांपासून. सांगताना माझ्या लक्षात येत होतं, की मी सरांविषयी जेवढं सांगतेय त्याहून जास्त स्वतःविषयी सांगतेय.

लांजेवार सर ओरडणारे गृहस्थ होते. त्या दिवशी ओरडले नाहीत. हळूच विचारलं, "तुला माहीत होतं नोव्हेंबरपासून?"

"हो."

"मग मला काऊन नाही सांगितलं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"हरीश, मुकुंद राजूरकर. मी आज अनफिट आहे. आजच नाही, गेले काही महिने आहे. अंधार पडला की दिव्यांभोवती मला मोठमोठी वलयं दिसतात, धावपट्टीचे दिवे एकमेकांत मिसळतात. मी आताच उतरलोय विमानातून. प्रवाशांना मी स्वतः सांगतो. तू सकाळी कुणाला तरी पाठव."

लांजेवार सर म्हणाले, "बरं, मुकुंदराव." एवढंच. मग फोन बंद केला. नंतर म्हणाले, "जानेवारीत पार्किंगमध्ये त्यांनी माझी गाडी ठोकली होती. रात्री. मला तेव्हाच वाटलं होतं काहीतरी." आणि चष्मा काढून डोळे चोळले. "मी म्हटलं, जाऊ दे, जुलैपर्यंतच तर आहेत."

शार्दूलनं नंतर सांगितलं ते असं. ऑक्टोबरमध्ये हैदराबादहून येताना सरांनी त्याला विचारलं होतं, तुला दिवे नीट दिसतायत ना? तो हो म्हणाला. मग सर म्हणाले, तू उतरव. त्यानं उतरवलं. त्यालाही वाटलं होतं, आपल्या एकट्यालाच कळलंय. सरांच्या हाताखाली तो शिकलेला. तो कुणाला बोलला नाही.

त्या दिवशी पुण्यात सर प्रवाशांसमोर उभे राहिले. तिथल्या मॅनेजरच्या तोंडून मी ते ऐकलं. विमानात बिघाड नाही, असं ते म्हणाले. बिघाड माझ्या डोळ्यांत आहे आणि तो मी लपवला होता, म्हणून तुम्हाला इथे थांबावं लागतंय. लोक चिडले, तसे चिडणारच. एक जण अंगावर धावून आला. वर्ध्याची बाई बाकावर बसून राहिली. सर तिच्या शेजारी जाऊन बसले. कंपनीनं तिला गाडी करून दिली, पण पुणे ते वर्धा रस्त्यानं रात्रभराचं अंतर. तिच्या वडिलांना तिच्याविनाच न्यावं लागलं. तिचं नाव मला माहीत होतं, प्रवाशांच्या यादीत होतं. ते मी अजून विसरलेले नाही.

चौकशी झाली. मी सगळं लिहून दिलं, सात अर्जांच्या प्रती जोडल्या. मला दोन महिने मालवाहतुकीच्या कागदपत्रांवर बसवलं आणि माझ्या फाइलमध्ये एक पत्र लागलं. बैतुलेसाहेब चंद्रपूरहून आले. सगळ्यांना वाटलं, आता कुणाकुणाला काढतात. ते लांजेवारांच्या केबिनमध्ये तासभर बसले आणि बाहेर येताना एवढंच म्हणाले, की माझ्या ट्रकच्या ड्रायव्हरची बायको मला येऊन सांगते, साहेब यांना दिसत नाही, गाडी देऊ नका. तुम्ही सगळे शिकलेले लोक. त्यानंतर नियम झाला. एकाच वेळेची विमानं कुणी तीनदा बदलून मागितली, तर तो कागद माझ्याकडून थेट डॉक्टरांकडे जायचा.

मी सरांना भेटायला गेले नाही. हिंमत नव्हती. मार्च संपत आला तेव्हा त्यांच्या पत्नीचा, सुलोचनाबाईंचा, फोन आला. म्हणाल्या, ऑपरेशन झालंय, ते रोज विचारतात, ती पोरगी आली का. मग गेले.

लक्ष्मीनगरमध्ये तळमजल्यावर त्यांचं घर होतं. सर पडवीत काळा चष्मा लावून बसले होते. मोतीबिंदूच होता, दोन्ही डोळ्यांत. एक झाला, दुसरा पंधरा दिवसांनी करायचा होता. सुलोचनाबाईंनी चहा आणला आणि आम्हाला तिथेच सोडून आत गेल्या. मी माफी मागितली. कशाची ते मला नीट सांगता येईना. त्यांना फोनवर तसं बोलले त्याची, की आणखी कशाची.

"फोनची माफी नको मागू," सर म्हणाले. "तो फोन बरोबर होता. तुला एक सांगू?"

मी हो म्हणाले.

"ते सात अर्ज दिले ना, तेव्हा मी रोज रात्री ठरवायचो, की बस, आता आठवा अर्ज द्यायचा नाही. अजून एक संध्याकाळ आली की उठायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. सुलोचनालाही सांगायचं. नोव्हेंबरच्या पंचवीसला तुझं रोस्टर आलं. मी ते उघडताना घाबरलो होतो. आणि बघतो तर एकही संध्याकाळ नाही. मला किती हायसं वाटलं. म्हटलं, चला, एक महिना मिळाला. पुढच्या महिन्यात परत तेच. परत नाही. जानेवारीत तर मला वाटायला लागलं, की देवालाच आपण जुलैपर्यंत उडावं असं वाटतंय." ते हसले. "देव मानत नाही मी. तरी वाटलं. आणि तो देव तू निघालीस."

मी चहाचा कप हातात धरून बसले होते.

"डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांचं काम होतं हे," सर म्हणाले. "ऑपरेशन केलं, तीन महिने डोळे स्थिर होऊ दिले, तपासणी झाली, की परत उडता येतं. कितीतरी वैमानिक करतात. मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, कुणाला कळलं की संपलं. विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं."

मी मनात महिने मोजले. मोजणं हेच माझं काम होतं. नोव्हेंबरमध्ये मी बोलले असते, तर डिसेंबरात दोन्ही डोळे झाले असते. मार्च-एप्रिलमध्ये ते परत विमानात बसले असते. तीन-साडेतीन महिने, सकाळ-संध्याकाळ, काहीही लपवावं न लागता. आणि ती वर्ध्याची बाई नऊच्या आत घरी पोचली असती.

सरांनीही ते मोजलं असणार. मी निघताना त्यांनी विचारलं, आता माझी विमानं कोण नेतंय, आणि त्या चिडणाऱ्या कॅप्टनला मार्चच्या सुट्ट्या मिळाल्या का. मी सांगितलं, मिळाल्या. बरं झालं, म्हणाले.

दुसरा डोळाही छान झाला. तीन महिने थांबून सर दिल्लीला जाऊन तपासणी करून आले. तिथल्या वैद्यकीय मंडळानं कागद तपासले, आणखी एक चाचणी मागवली, ती दिली. प्रमाणपत्र आलं ते उड्डाणास योग्य असंच आलं, कुठल्याही अटीविना. पण ते येईपर्यंत जुलै संपत आला होता आणि सरांचा पासष्टावा वाढदिवस होऊन अकरा दिवस झाले होते. त्यांनी त्याची प्रत माझ्याकडे आणून दिली, फाइलला लावायला. मी परत रोस्टरवर आले होते. मी ती वाचली आणि मला वर बघवेना. दारातून जाता जाता त्यांनी विचारलं, जेवलीस का. मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

बैतुलेसाहेबांनी त्यांना सोडलं नाही. नव्या वैमानिकांना जमिनीवरचे धडे द्यायला ठेवून घेतलं. सप्टेंबरमध्ये अकरा मुलामुलींची तुकडी आली. सर रोस्टरच्या खोलीत आले आणि म्हणाले, उद्या दुपारी माझ्या वर्गात एक तास तुझा आहे. मी विचारलं, काय शिकवू? मला विमानाचं काय कळतं?

"आपलं सांग," ते म्हणाले. "अर्ज, रोस्टर, पुणे. सगळं."

"सर, तुमचं नाव न घेता सांगते."

"नाव घेऊन सांग. कुणा एका कॅप्टनची गोष्ट म्हणून सांगितलीस, तर प्रत्येकाला वाटेल तो दुसराच कुणीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्या वर्गात उभी राहिले. सर मागच्या बाकावर जाऊन बसले. मी ते सात कागद फळ्यावर एकाखाली एक चिकटवले आणि मुलांना विचारलं, यात काय दिसतंय. पाच मिनिटांत एका मुलानं ओळखलं. मग मी सांगत गेले. त्यांच्यापैकी काहींनी वळून सरांकडे पाहिलं, सरांनी हात वर करून हो, मीच, अशी खूण केली. वर्ध्याच्या बाईचं सांगितलं. प्रमाणपत्राच्या अकरा दिवसांचंही सांगितलं.

शेवटी मी विचारलं, काही शंका? पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. अमरावतीची होती, चष्मा लावायची, आल्यापासून सगळ्यांत जास्त प्रश्न तीच विचारायची.

"मॅडम, त्यांनी का नाही सांगितलं ते मला कळलं," ती म्हणाली. "त्यांना भीती होती. पण तुम्हाला तर कसलीच भीती नव्हती. तुम्ही तीन महिने का नाही बोललात?"

मी मागच्या बाकाकडे पाहिलं. सर माझ्या मदतीला येतील असं मला वाटलं होतं. ते आले नाहीत. हाताची घडी घालून, माझ्या उत्तराची वाट बघत, बाकी सगळ्यांसारखेच बसून होते.

"ते मला फार आवडायचे," मी म्हणाले. "म्हणून."

त्या मुलीनं क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग खाली बसली आणि ते वहीत लिहून घेतलं.